ओटीच्या पिशवीतली भाकरी

गहू बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गहू नाही अशी जागाच जगात नाही. तोवर माझी समजूत होती की आपण भाताच्या मुलखातली माणसं. खाडीच्या या बाजूला भात, त्या बाजूला भात, मधल्या पाण्यात मासळी. गहू आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो, रेशनच्या पिशवीतून. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, "गहू, मैदा, रवा, जव, यातलं काही नको. चिमूटभरही नको. आणि हे कायमचं." मी मान डोलावली. एवढंच ना, असं मनात म्हणत दवाखान्याबाहेर आले आणि सवयीने वडापाव मागितला. घास तोंडाजवळ नेल्यावर आठवलं. तो वडापाव नवऱ्याने खाल्ला आणि वर मला सांगितलं की काही खास नव्हता. हे खोटं होतं. त्याच्या मिशीलाही चटणी लागली होती.

तेव्हापासून मी गव्हाच्या पाळतीवर असते. चोर मोठा हुशार आहे. हिंगाच्या डबीत तो असतो, कारण बाजारचा हिंग पिठात बांधतात आणि ते पीठ बहुतेक गव्हाचंच. खानावळीतल्या सुरमईच्या अंगावर तो रवा होऊन बसतो. तांदळाचा पापड बिचारा निर्दोष, पण पुऱ्या तळलेल्या तेलातून बाहेर येतो. गिरणीचं तर विचारूच नका. आधीच्या बाईचे गहू दळून झाले की गिरणीवाला त्याच जात्यात माझे तांदूळ ओतणार. वाटीभर पीठ कुणाचं कुणाकडे गेलं यावर बायका तिथे कडाकडा भांडतात, पण त्या वाटीभर पिठाने माझे आठ दिवस पोट धरून जातात हे कुणाच्या गावीही नसतं. शेवटी घरात छोटी घरघंटी आणली. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. नवरा तिला सोवळ्यातली आत्याबाई म्हणतो.

लोकांचं म्हणाल तर त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला म्हणतो, "गहू नाही? मग पाव खा ना." दुसरा म्हणतो, "रव्यात कुठे गहू असतो?" तिसरा सगळ्यात वाईट. तो प्रेमाने म्हणतो, "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" सुरुवातीला मी त्यांना आतड्यांबद्दल सांगायची. आतड्यांचं वर्णन ऐकून लोक जेवायचे थांबायचे, पण मला वाढायचे थांबायचे नाहीत. आता मी सरळ "मरेन" म्हणते. त्यानेही सगळे थांबतात असं नाही.

अलिबागला कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून मी पोट भरते. 'वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' हे वाक्य माझी बोटं झोपेतही टाइप करतील. त्यामुळे खोटं बोलणारा माणूस मला दाराशीच ओळखू येतो. आणि दारापर्यंत जायची गरज नाही, एक घरातच आहे.

तर त्या घरातल्या माणसाने बोललेल्या खोट्याची ही गोष्ट.

आमच्या मुलाने लग्न ठरवलं. तो पनवेलजवळ एका कारखान्यात नोकरीला, मुलगी तिथेच हिशोबखात्यात. गाव तिचं हरिहरेश्वरच्या अलीकडे, समुद्र सोडून डोंगराच्या आत शिरलं की लागतं. घरची भातशेती. जात त्यांची वेगळी, आमची वेगळी. आमच्या घरात यावरून दोन दिवस कुजबुज झाली आणि तिसऱ्या दिवशी मुलीचा फोटो पाहून सगळे गप्प बसले. बोलणीचा दिवस ठरला. आम्ही तिघांनी जायचं, दिवसभर राहायचं, जेवायचं आणि तारीख काढून यायचं.

आदल्या आठवड्यात मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. चेहरा एवढासा.

"आई, तिच्या आईला एकच काळजी आहे. आपण त्यांच्याकडे जेवू का."

"म्हणजे?"

"म्हणजे जातीवरून. त्यांना वाटतंय तुम्ही याल, गोड बोलाल, आणि पानाला हात लावणार नाही. त्यांच्या गावात एका घरी असं झालं होतं, लग्न मोडलं. तू फक्त पोटभर जेव. बाकी सगळं झालंच म्हणून समज."

मला म्हणाला असता पाच तोळे सोनं घाल, तर कुठून तरी आणलं असतं. म्हणाला असता सासऱ्याच्या पाया पड, तर वाकले असते. पण पोटभर जेव! अनोळखी घरात, लग्नकार्याचा स्वयंपाक, आणि तो पोटभर!

"मी सरळ सांगते त्यांना आजाराचं," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?" नवरा वर्तमानपत्रामागून बोलला. "पहिल्याच दिवशी रोग काढून बसशील? त्या बाईला वाटेल, पोरगी द्यायची म्हणजे दवाखान्यातच द्यायची. जन्मभर सासूचं पथ्यपाणी करत बसेल. लग्न होऊ दे, मग सांग काय ते."

आणि मी काही बोलायच्या आत या माणसाने मुलीच्या वडिलांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगायचं होतं. आमच्या हिने गहू सोडलाय."

आमच्या भागात हे सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. काशीला जाऊन आलेली माणसं आवडतं काहीतरी सोडून येतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. कुणी नवसापायी सोडतं. का सोडलं हे विचारायचं नसतं, ते देवाचं आणि त्याचं असतं. पलीकडून अतिशय आदराने "व्हय का?" आलं. "मंग आमी भाकरी करतो त्यांच्यासाठी, काय काळजी करू नका." फोन ठेवून नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी काशी पाहिलेली नाही. देवाला मी काही दिलं असेल तर ते नारळाच्या पुढे गेलेलं नाही. आणि या माणसाने एका फोनमध्ये मला व्रतस्थ बाई करून टाकलं.

मुलीला खरं ठाऊक होतं. तिने मला फोन केला आणि हसून हसून तिला ठसका लागला. "काकू, बाबा सगळ्या आळीला सांगत सुटलेत, विहीणबाई मोठ्या देवधर्माच्या आहेत म्हणून. आता मी काय बोलू?" तिनेही तोंड मिटून घेतलं. कुणाच्या बापाला कोण खोटं पाडणार?

दिवसभर बाहेर जायचं तर माझा डबा हा काही हौसेचा भाग नाही. तो नसला तर मी उपाशी, आणि उपाशी बाई दुपारनंतर काय वाट्टेल ते बोलते. तेव्हा मी त्या दिवशी पहाटेच उठले. तांदळाच्या भाकरीचं एक असतं: थंड पाण्यात पीठ मळलं तर दुपारी तिने खिळा ठोकता येतो. पाण्याला आधण आणायचं, मीठ घालायचं, पीठ टाकून झाकण ठेवायचं आणि ती उकड गरम असतानाच हात भाजत मळायची. मग संध्याकाळपर्यंत भाकरी मऊ राहते. दोन केल्या, एक दुपारची, एक संध्याकाळची. पातळ फडक्यात गुंडाळल्या. कांदा-बटाट्याची भाजी केली, फोडणीत हिंगाऐवजी लसूण. सुकटीची चटणी नवऱ्याने हातातून काढून घेतली, म्हणाला वासावरून पकडली जाशील. आणि उकडलेली अंडी, कवचासकट. प्रवासात अंड्याइतकं भरवशाचं काही नाही. कवचाच्या आत कुणाला हिंग घालता येत नाही.

फ्लास्कमध्ये पेज भरली. सगळ्यांना वाटतं चहा आहे, आणि वाटू द्यायचं.

आता हा डबा न्यायचा कसा? विहिणीच्या हातात जेवणाचा डबा दिसला तर बोलणी तिथेच संपली. तेव्हा मी तो ओटीच्या पिशवीत घातला. सगळ्यात खाली डबा, त्यावर नारळ, त्यावर खणाचं कापड, तांदळाची पुडी, आणि वर मुलीसाठी घेतलेली साडी. पिशवी माझ्या हातात राहणार. जेवणाआधी 'देवदर्शन करून येतो' म्हणून बाहेर पडायचं, गाडीत बसून पोटात भाकरी घालायची आणि मग घरी येऊन पानावर नुसतं भाताशी खेळायचं. बेत असा चोख होता की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

काशीदला बापलेकांनी गाडी थांबवली आणि माझ्या डोळ्यांदेखत वडापाव खाल्ले. वर मुलगा म्हणाला, "आई, तू डोळे मिट ना." आगरदांड्याला फेरीबोट पकडली. गाडी बोटीत चढवून वर कठड्याशी उभे राहिलो, छान वारा सुटला होता, तेवढ्यात नवऱ्याला चहाची तल्लफ आली. त्याने फ्लास्क उघडला, पेला भरला आणि एक मोठा घोट घेतला. त्याच्या चेहऱ्याचा फोटो काढायला हवा होता. पेज त्याने थुंकली नाही, कारण शेजारी लोक उभे होते. गिळून म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

त्यांच्या अंगणात पोचलो तर सगळं घर बाहेर उभं होतं. मुलीची आई माझ्याच वयाची, बारीक, चटपटीत, हातात पाण्याचा तांब्या. पाय धुवायला पाणी दिलं, कपाळाला कुंकू लावलं. आणि मी तांब्या परत देते न देते तोच मुलीच्या आत्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"द्या ती इकडं. वरमाईनं हातात वज्जं घेऊन आत यायचं नसतं."

"असू दे हो, मी ठेवते."

"असं कसं? ओटीचं हाय न्हवं? आमच्यात ते आदी देवापुडं ठेवत्यात."

आत्या दणकट होती. पिशवी गेली. मी दारातून पाहत राहिले. तिने देवघरापुढे पाट मांडला आणि एकेक वस्तू काढायला लागली. साडी ठेवली. तांदळाची पुडी ठेवली. खण ठेवला. नारळ ठेवला. मग स्टीलचा डबा निघाला. तिने तो हातात घेऊन वजन पाहिलं, मिठाईचा समजून समाधानाने मान हलवली, पाटावर मधोमध ठेवला आणि त्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. उदबत्ती लावली. माझी भाकरी, माझी भाजी आणि माझी अंडी त्यांच्या कुलदैवतासमोर धूप खात बसली. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला खोकला आला आणि तो ओटीवर पुरुषांत जाऊन बसला.

देवदर्शनाचा प्रस्ताव मी तरीही मांडून पाहिला. आत्या म्हणाली, जेवून सगळीच जाऊ.

बायकांची पंगत आत मांडली होती. मला वाटलं होतं नवऱ्याशेजारी बसायला मिळेल, तो माझ्या पानातलं उचलेल, वर्षानुवर्षं आम्ही हा डाव खेळतो. पण वरमाईला वेगळा पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि समोर स्वतः मुलीची आई वाढायला बसलेली. मुलगी दाराशी उभी होती. तिचं हसू केव्हाच पळालं होतं.

पान सुंदर होतं, ते मी कबूल करते. वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, पुऱ्या, वरणभात, पापड, आणि माझ्यासाठी म्हणून वेगळ्या टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या. पांढऱ्याशुभ्र, कागदासारख्या पातळ. माझ्या भाकऱ्या त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या नसत्या.

"पीठ घरी दळता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे, गिरनीतून आनलं. पुऱ्यांचं आन् तुमच्या भाकरीचं, दोनी एकदमच दळून आनलं काल."

झालं. मी बिरड्याकडे वळले. वास आला. "हिंग छान आहे हो."

"ह्यांनी मुद्दाम मुंबईवरनं आनलाय. घसघशीत घातलाय."

मग मी भाताचा आश्रय घेतला. नुसता भात, मीठ, ओलं खोबरं, केळं. भाकरीचे तुकडे केले आणि ते पानात इकडून तिकडे फिरवायला लागले. एक तुकडा पुरीखाली लपवला, एक पानाच्या दुमडीत. बिरड्याचा एक एक दाणा बाजूला सारून जागा केली, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसावं. लहानपणी कारलं लपवायला जे शिकले होते ते सगळं वापरलं. पण समोरची बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, माझ्या पानाकडे बघत होती. आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. तो उतरताना पाहून मला फार वाईट वाटलं. या बाईने पहाटेपासून कित्येक तास चुलीपुढे काढले होते, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत तिचं अन्न लपवत होते.

"भूक न्हाय का?" तिने विचारलं.

"आहे ना. जेवतेय."

ती उठली, आत गेली आणि वाटी घेऊन आली. वाटीत शिरा. तूप सुटलेला, केळं घातलेला, वर तुळशीचं पान.

"ह्यात रवा हाय, मला ठावं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. म्हणजे सगळा विचार करूनच आली होती. "पन देवाला दाखवलाय. आता त्यो शिरा न्हाय, परसाद हाय. परसादानं नेम मोडत न्हाय. आमच्या सासूबाईंनी बी गूळ सोडला होता, त्या परसादाचा खायच्या. एक घास घ्या. तोंड गोड झाल्याबिगर बोलनी कशी पुडं जायाची?"

आणि तिने तो घास माझ्या तळहातावर ठेवला.

देवळात, सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, कुठेही मला प्रसाद दिला की माझं ठरलेलं उत्तर असतं: "घरी ह्यांच्यासाठी नेते." पर्समधल्या डबीत टाकते आणि सुटते. तेच बोलून गेले.

"ते तर भाईर बसलेत," आत्या मागून म्हणाली. "त्यांनी दोनदा घेतला."

सगळ्या बायका थांबल्या होत्या. हातावर शिरा, कोमट. मी खरंच विचार केला, खाऊन टाकावा. आठ दिवस पोट धरून लोळेन, दुकान बंद ठेवेन, पण पोराचं लग्न तरी होईल. हात वर नेलासुद्धा. तेवढ्यात आत्याला वाटलं, देवापुढच्या डब्यातलं गोड विहिणीच्या हातानेच वाटावं, म्हणजे हिशोब बरोबर होईल. ती डबा घेऊन आली आणि पंगतीच्या मधोमध उभी राहून तिने झाकण उघडलं.

फडक्यात भाकऱ्या. बटाट्याची भाजी. आणि अंडी.

"अगं बाई! देवापुडं अंडी!" आत्या ओरडली.

मुलीच्या आईने अंड्यांकडे पाहिलंच नाही. ती भाकऱ्यांकडे पाहत होती. मग माझ्या पानाकडे, पुरीखालून डोकावणाऱ्या तुकड्याकडे. मग माझ्याकडे.

"घरनं जेवन घेऊन आलाव," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "आमच्या घरचं चालत न्हाय तुमाला."

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दाराशी मुलगी रडकुंडीला आली होती. मी हातावरचा शिरा तसाच धरून सगळं बोलून टाकलं. गहू सोडलेला नाही, गव्हाने मला सोडलंय. नेम नाही, व्रत नाही, काशी तर नाहीच नाही. आजार आहे. चिमूटभर पीठ पोटात गेलं तरी आठवडाभर उठता येत नाही, हिंगातलं असो, गिरणीतलं असो की प्रसादातलं. देवाला हे कळतं, आतड्याला कळत नाही. ह्यांनी मला सांगू दिलं नाही, कारण ह्यांना भीती, तुम्ही आजारी सासू म्हणून मुलगी द्यायच्या नाहीत. "आणि तुमचं अन्न न चालायला मी कोण लागून गेले? ही भाकरी नुसती बघून मला रडू येतंय, इतकी चांगली झालीय."

हे शेवटचं अगदी खरं होतं. त्याखाली मी कुठेही सही केली असती.

मग मुलीच्या आईने एक गोष्ट केली जी मी जन्मात कुठे पाहिली नव्हती. दिलेला प्रसाद तिने माझ्या हातावरून परत उचलला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि तांब्यातल्या पाण्याने माझा हात धुतला.

"म्हंजे तुमच्या घरात गहू येतच न्हाय?"

मी घाईने म्हटलं, "तसं नाही. ह्यांच्यासाठी येतो, मुलासाठी येतो. वेगळा तवा आहे, वेगळं पोळपाट. ती खुशाल चपात्या करू दे, खाऊ दे, माझी काही..."

"पन तुमाला करून घालायची न्हाय?"

"नाही. मला चालणारच नाही."

तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने तिच्याकडे पाहिलं. आणि ती बाई एकदम पाटावर बसली, पाठीचा कणा काढून घेतल्यासारखी.

"तिला चपाती येत न्हाय," ती म्हणाली.

"आई!" दारातून आवाज आला.

"गप गं. भाकरी येते, घावनं येतात. चपाती लाटाया घेतली का पोळपाटालाच चिकटते. आमच्यात करतंय कोन? तुमी अलिबागची मान्सं, रोज सकाळी डब्याला चपात्या लागनार, सासू म्हननार आईनं काय शिकवलं. आठ दिस झोप न्हाय मला."

मी हसायला लागले. आधी घाबरत, मग पोट धरून. तीही हसली, मग आत्या, मग सगळी पंगत. ओटीवरच्या पुरुषांचं बोलणं थांबलं. नवऱ्याने दारातून डोकावलं, उघडा डबा पाहिला आणि जसा आला तसा मागे गेला.

"आन् ती अंडी?" आत्या अजून तिथेच अडकली होती. "देवापुडं?"

"गावदेवाला कोंबडं देतो न्हवं आपन? मंग अंड्याला काय झालं," मुलीच्या आईने निकाल दिला. आणि तिने माझ्या डब्यातली भाकरी उचलली. मोडून तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, मान तिरपी करून.

"उकड बरी घेतलीव. मीठ कमी हाय."

"प्रवासाची आहे ना."

"तुमच्या घरचं चालतं हो आमाला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. पदराने पुसत ती तुकडा मोडत राहिली. अर्धी आत्याला दिली, चतकोर पोरीला, देवापुढची म्हणून एकेक तुकडा सगळ्या बायकांना. माझ्यापुढे कुणी काही धरलं नाही. त्या घरात आता माझ्याइतकं जपलेलं माणूस कुणी नव्हतं.

एक भाकरी संपली. मी सकाळपासून पेजेवर होते, पानातला मूठभर भात आणि केळं सोडलं तर पोटात काही नव्हतं, आणि फेरीबोट गाठून घरी पोचायला रात्र होणार होती. तिने फडक्यातल्या दुसऱ्या भाकरीकडे पाहिलं, आणि मग विचारलं, "ही घेऊ?"

ती माझ्या संध्याकाळची होती.

"घ्या की," मी म्हटलं, आणि फडकं तिच्यापुढे सरकवलं.